ज्यांचं सगळ्यांशी जुळतं

वहीचा जुना पुठ्ठा घ्या आणि त्यातून चार बोटं लांब, चार बोटं रुंद असा चौरस कापा. वरच्या डाव्या कोपऱ्यात १ लिहा, वरच्या उजव्या कोपऱ्यात २, खालच्या उजव्या कोपऱ्यात ३ आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात ४. पुठ्ठा उलटा करून प्रत्येक कोपऱ्याच्या पाठीवर तोच आकडा पुन्हा लिहा. मग तो कागदावर ठेवून भोवती पेन्सिलीने चौकट आखा. एवढंच साहित्य लागतं.

मुरगूडसारख्या गावातून विज्ञानाच्या पदवीला जाणारी मुलं हिशेबाला पक्की असतात. कागलला किंवा कोल्हापूरला एस.टी.ने ये-जा करून अभ्यास करतात, शिवाजी विद्यापीठाच्या एम.एस्सी.पर्यंत पोचतात. पण अशा मुलांना ‘ग्रुपचा ऑटोमॉर्फिझम म्हणजे काय’ असं विचारलं, तर व्याख्या घडाघडा येते आणि ‘म्हणजे नक्की काय’ म्हटल्यावर चेहरा कोरा होतो. दोष मुलांचा नाही. व्याख्या कानावर पडते, हातात काहीच येत नाही. म्हणून पुठ्ठ्यापासून सुरुवात करू.

नियम एकच आहे. चौरस उचला, फिरवा, पालथा करा, पण शेवटी तो त्याच चौकटीत नीट बसला पाहिजे. असं करण्याचे प्रकार किती? १ हा आकडा चारपैकी कुठल्याही कोपऱ्यात जाऊ शकतो आणि पुठ्ठा सुलटा किंवा पालथा असू शकतो. चार दुणे आठ. त्या आठांना नावं देऊ. काहीच न करणं म्हणजे ‘जैसे थे’. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवणं तीन तऱ्हांचं: पाव फेरी, अर्धी फेरी, पाऊण फेरी. मग चार पलट्या. पुस्तकाचं पान उलटावं तसं डावं-उजवं बदललं की ‘पान-पलटी’. तव्यावरची भाकरी आपल्यापासून पलीकडे उलटावी तसं वरचं खाली आलं की ‘भाकरी-पलटी’. राहिल्या दोन कर्णांवरच्या. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जाणारा कर्ण स्थिर ठेवून उलटलं तर ‘डावी कर्ण-पलटी’, दुसरा कर्ण स्थिर ठेवून उलटलं तर ‘उजवी कर्ण-पलटी’.

आता क्रमाचा प्रश्न. पानात आधी तांबडा रस्सा वाढला काय आणि आधी पांढरा वाढला काय, जेवणाऱ्याच्या पुढ्यात तेच येतं. गुऱ्हाळावर मात्र काहिलीतल्या रसाची मळी काढणं आणि पाक वाफ्यात ओतणं यांची अदलाबदल करून पाहा. गूळ हाती लागणार नाही. काही कामांना क्रम लागतो, काहींना लागत नाही. आपल्या आठ हालचालींत काय होतं ते प्रत्यक्ष करून बघू.

चौरस सुरुवातीच्या जागी ठेवा. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून काट्यांच्या दिशेने वाचलं तर आकडे १, २, ३, ४ असे दिसतील. आधी पाव फेरी द्या: ४, १, २, ३. मग पान-पलटी: १, ४, ३, २. म्हणजे १ आणि ३ जागच्या जागी राहिले, २ आणि ४ यांची अदलाबदल झाली. ही तर डावी कर्ण-पलटी! आता परत सुरुवातीला या आणि क्रम बदला. आधी पान-पलटी: २, १, ४, ३. मग पाव फेरी: ३, २, १, ४. या वेळी २ आणि ४ जागेवर आहेत. ही उजवी कर्ण-पलटी. हालचाली त्याच दोन, क्रम बदलला आणि उत्तर बदललं.

पाव फेरीऐवजी अर्धी फेरी घेऊन हेच करा. अर्धी फेरी, मग पान-पलटी: ४, ३, २, १. पान-पलटी, मग अर्धी फेरी: पुन्हा ४, ३, २, १. दोन्हीकडून भाकरी-पलटीच मिळाली.

शाळेच्या पुस्तकात या गुणाला ‘क्रमनिरपेक्षता’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण बोलताना मी ‘त्यांचं जुळतं’ असं म्हणतो. अर्ध्या फेरीचं पान-पलटीशी जुळतं, पाव फेरीचं जुळत नाही. एकीमागून एक करता येतील अशा हालचालींचा असा संच, ज्यात ‘जैसे थे’ आहे, प्रत्येक हालचाल परत फिरवणारी हालचाल आहे आणि दोन हालचाली लागोपाठ केल्या तर उत्तर संचाबाहेर जात नाही, त्याला मराठीत गट म्हणतात आणि वर्गात ग्रुप. ज्या गटात सगळ्यांचं सगळ्यांशी जुळतं त्याला ‘आबेली’ गट हे नाव आहे. ते नॉर्वेच्या नील्स हेन्रिक आबेलवरून पडलं. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, १८२९ साली तो गेला. ज्या समीकरणांच्या मुळांमध्ये असं जुळणारं नातं असतं ती मूळचिन्हांच्या मदतीने सोडवता येतात, हे त्याने दाखवून ठेवलं होतं. जुळण्या-न जुळण्याचा अभ्यास सुरू झाला तो समीकरणांपासून, पुठ्ठ्यांपासून नव्हे, हे नोंदवून पुढे जाऊ.

प्रत्येक हालचालीचं कुणाकुणाशी जुळतं याची यादी करा. त्या यादीला आपण तिचं मंडळ म्हणू. कोल्हापूर जिल्ह्यात हा शब्द समजावून सांगायला नको. पान-पलटीच्या मंडळात चौघे आहेत: जैसे थे, अर्धी फेरी, ती स्वतः आणि भाकरी-पलटी. भाकरी-पलटीचं मंडळ हेच. दोन कर्ण-पलट्यांचं मंडळ असंच चौघांचं: जैसे थे, अर्धी फेरी आणि त्या दोघी. पाव आणि पाऊण फेरीच्या मंडळात चारही फेऱ्या येतात, ‘जैसे थे’ ही शून्य फेरी धरून. आणि अर्धी फेरी? तिच्या मंडळात आठही जण. ‘जैसे थे’च्या मंडळातही आठ, पण त्यात नवल नाही. ज्यांचं सगळ्यांशी जुळतं अशांच्या संचाला गटाचं केंद्र म्हणतात. आपल्या चौरसाच्या केंद्रात दोघंच आहेत: जैसे थे आणि अर्धी फेरी.

मोजणी करू. आठ हालचालींच्या क्रमाने घेतलेल्या जोड्या चौसष्ट. जुळणाऱ्या किती? केंद्रातल्या दोघांच्या प्रत्येकी आठ, म्हणजे सोळा. उरलेल्या सहांच्या प्रत्येकी चार, म्हणजे चोवीस. एकूण चाळीस. ६४ पैकी ४०, म्हणजे आठांत पाच. मला हा आकडा फार आवडतो, कारण तो केवळ चौरसाचा नाही, तो एक हद्द आहे. सगळ्यांचं सगळ्यांशी जुळत नाही असा कुठलाही सांत गट घ्या, दहा घटकांचा किंवा दहा कोटींचा; त्यात जुळणाऱ्या जोड्यांचं प्रमाण पाच-अष्टमांशाच्या वर जाऊच शकत नाही. विल्यम गुस्ताफसनने १९७३ साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त याविषयी लिहिलं, आणि त्याची सिद्धता इथेच सांगण्याइतकी छोटी आहे.

कुणाचंही मंडळ हा स्वतःच एक छोटा गट असतो, आणि छोट्या गटाची संख्या मोठ्या गटाच्या संख्येला निःशेष भागते. हा लाग्रांजचा नियम. तेव्हा ज्याचं कुणाशी तरी जुळत नाही, त्याचं मंडळ जास्तीत जास्त निम्म्या गटाएवढं. त्याच्या मंडळात केंद्र पूर्ण येतं आणि शिवाय तो स्वतः येतो, तो तर केंद्रात नाही. म्हणून केंद्र त्या मंडळाहून लहान, म्हणजे पुन्हा त्याच नियमाने फार तर मंडळाच्या निम्मं. निम्म्याचं निम्मं म्हणजे पाव. आता बेरीज करा: पाव लोकांचं सगळ्यांशी जुळतं, उरलेल्या पाऊण लोकांचं फार तर निम्म्यांशी. पाव अधिक पाऊणचा अर्धा, म्हणजे पाच-अष्टमांश. आपला पुठ्ठ्याचा चौरस ही हद्द बरोबर गाठतो.

आता टेबलाभोवती बसायला माणसं बोलवू. तुम्ही एका बाजूला बसलात आणि मी तुमच्या शेजारच्या बाजूला, काटकोनात. मी चौरसाला पान-पलटी दिली. तुम्हाला काय दिसलं? भाकरी-पलटी. माझं डावं-उजवं ते तुमचं वर-खाली. तुम्हाला माझी हालचाल तुमच्या जागेवरून करायची असेल तर चौरस पाव फेरी फिरवायचा, पान-पलटी द्यायची आणि पाऊण फेरी देऊन परत आणायचा. करून पाहा: ४, १, २, ३, मग १, ४, ३, २, मग ४, ३, २, १. शेवटची ओळ भाकरी-पलटीचीच आहे. जा, काम कर, आलास तसा परत ये. गणिताच्या पुस्तकांत ही तिहेरी कृती पानोपानी भेटते. ज्या मुलांना रंगीत क्यूब सोडवता येतो त्यांना तर ती बोटांनी माहीत असते: आधी एक बाजू वळवून तुकडा सोयीच्या जागी आणायचा, ठरलेली युक्ती करायची, मग ती बाजू उलट वळवून टाकायची.

बैठक बदलल्याने नावं बदलली, पण हिशेब बिघडले का? नाही. माझ्या जागेवरून पाव फेरी आणि मग पान-पलटी म्हणजे डावी कर्ण-पलटी होती. तुमच्या जागेवरूनही तुमच्या नावांनी तेच वाक्य खरं आहे. सगळी चौसष्ट वाक्यं खरी राहतात. हाच ऑटोमॉर्फिझम. गटातल्या घटकांची नावं आपापसांत अशी बदलायची की ‘हे करून मग ते केलं की अमुक मिळतं’ असं प्रत्येक वाक्य नव्या नावांनीही खरं राहावं.

मनाला येईल तशी नावं बदलून चालत नाही. समजा, कुणी म्हणालं, पान-पलटी आणि भाकरी-पलटी एवढीच दोन नावं बदलू, बाकीची राहू देत. तपासा. जुनं वाक्य: पाव फेरी, मग पान-पलटी, मिळते डावी कर्ण-पलटी. नव्या नावांनी ते असं होईल: पाव फेरी, मग भाकरी-पलटी, मिळते डावी कर्ण-पलटी. पुठ्ठा घेऊन पाहा: ४, १, २, ३, आणि वरचं खाली केल्यावर ३, २, १, ४. ही तर उजवी. वाक्य खोटं ठरलं. पलट्यांची ती एक जोडी बदलली तर कर्णांची जोडीही बदलायला हवी, नाहीतर पाव आणि पाऊण यांची नावं बदलायला हवीत. एक धागा ओढला की दुसरा ओढला जातो.

मग खऱ्या राहणाऱ्या अदलाबदली एकूण किती? पाव फेरी चार वेळा दिल्यावरच सुरुवात येते, त्याआधी नाही. असा गुण फक्त तिच्यात आणि पाऊण फेरीत आहे. म्हणून पाव फेरीचं नाव या दोघांपैकीच एकाला जाईल. अर्धी फेरी म्हणजे दोनदा पाव किंवा दोनदा पाऊण, त्यामुळे तिचं नाव कधीच बदलत नाही. पान-पलटीचं नाव चारपैकी कुठल्याही पलटीला जाऊ शकतं. एवढी दोन नावं ठरली की बाकी सगळी आपोआप ठरतात. दोन चोक आठ, आणि आठही अदलाबदली टिकतात.

या आठही तुम्हाला बसल्या जागी दिसतात. टेबलाच्या बाजूला बसा, किंवा कोपऱ्याशी बसा. कोपऱ्याशी बसलेल्याला चौरस शंकरपाळीसारखा दिसतो. त्याची पान-पलटी ही माझी कर्ण-पलटी असते. टेबल काचेचं असेल तर खाली झोपूनही बघता येतं. खालून पाहणाऱ्याला पाव फेरी पाऊण वाटते, कारण काटे उलटे फिरतात. चार बाजू, चार कोपरे, वरून किंवा खालून: सोळा बैठका. पण समोरासमोर बसलेल्या दोघांची नावं अगदी एकसारखी असतात, म्हणून सोळाच्या आठ.

समोरासमोर बसलेल्यांची नावं एकसारखी का? इथे जुळणं आणि ऑटोमॉर्फिझम यांची गाठ पडते, आणि सगळ्या विषयाचा गाभा मला इथेच दिसतो. समोर जाऊन बसायचं म्हणजे अर्धी फेरी घ्यायची. अर्धी फेरी, मग काम, मग परत अर्धी फेरी. पण अर्ध्या फेरीचं त्या कामाशी जुळतं, म्हणून क्रम बदलून दोन्ही अर्ध्या फेऱ्या शेजारी आणता येतात आणि त्या एकमेकींना खाऊन टाकतात. उरतं नुसतं काम. बैठक बदलली, पण दिसणारं काहीच बदललं नाही. ज्याचं सगळ्यांशी जुळतं त्याच्या जागेवर जाऊन पाहिलं तर जग तसंच दिसतं. आणि उलटंही खरं: जागा बदलूनही एकही नाव बदललं नाही, तर ती जागा बदलणारा घटक केंद्रातलाच असतो. म्हणून गटाच्या स्वतःच्या हालचालींमधून मिळणाऱ्या बैठका किती, तर गटाची संख्या भागिले केंद्राची संख्या. आपल्याकडे आठ भागिले दोन, चार. यांना आतले ऑटोमॉर्फिझम म्हणतात. कोपऱ्याशी बसलेल्यांचे उरलेले चार बाहेरचे, कारण पंचेचाळीस अंशांची फेरी दिली तर चौरस चौकटीत बसत नाही. ती गटातली हालचालच नव्हे. तरीही कोपऱ्यावरून दिसणारे हिशेब खरेच असतात.

क्यूबचा उल्लेख आला म्हणून सांगतो. रुबिक क्यूबच्या प्रचंड गटाच्या केंद्रातही दोघंच आहेत. एक ‘जैसे थे’. दुसरी अशी स्थिती, जिच्यात कोपऱ्याचे तुकडे जागच्या जागी आणि कडेचे बाराही तुकडे आपापल्या जागीच पण उलटे असतात. तिथे पोचायला कमीत कमी २० वळणं लागतात.

आता चौरस बाजूला ठेवा आणि मुरगूडहून निपाणीला निघालेल्या वडाप जीपमध्ये बसा. मागच्या दोन बाकांवर समोरासमोर सहा जण आहेत. त्यांनी जागांची अदलाबदल करायचे प्रकार ७२०, आणि हे ७२० मिळून एक गट होतो. इथे केंद्रात ‘जैसे थे’ एकटाच आहे, त्यामुळे आतल्या बैठका पूर्ण ७२०. बाहेरची एखादी आहे का?

ऑटोमॉर्फिझम जुळणाऱ्या जोड्यांना जुळणाऱ्या जोड्यांकडेच नेतो, म्हणून ज्या घटकाचं मंडळ जेवढं मोठं, तेवढंच मंडळ असलेल्या घटकाकडे त्याचं नाव जाऊ शकतं. ही चाळणी लावू. फक्त दोघांनी जागा बदलल्या, तर या अदलाबदलीच्या मंडळात कोण? ते दोघे आपापसांत बदलोत वा न बदलोत, दोन प्रकार. उरलेले चौघे कसेही बसोत, चोवीस प्रकार. एकूण ४८. आता तीन जोड्यांनी एकदम जागा बदलल्या तर? प्रत्येक जोडी आतल्या आत दोन प्रकारे, म्हणजे आठ. शिवाय तिन्ही जोड्या एकमेकींच्या जागी सहा प्रकारे. आठ सक अठ्ठेचाळीस. मंडळं सारख्याच आकाराची! प्रवासी पाच असते तर एका जोडीच्या बदलाचं मंडळ बारांचं आणि दोन जोड्यांच्या बदलाचं आठांचं, जमलं नसतं. चौघे असते तर चार आणि आठ, तेही नाही. सात, आठ, शंभर, कितीही घ्या, हा मेळ पुन्हा बसत नाही. फक्त सहाला बसतो. नुसता मेळ बसला म्हणून ऑटोमॉर्फिझम मिळतोच असं नाही, पण तो खरोखर आहे हे जर्मनीच्या ओटो होल्डरने १८९५ साली दाखवलं. सहा जणांच्या गटात एका जोडीच्या पंधरा बदलांची नावं तीन जोड्यांच्या पंधरा बदलांना देता येतात आणि सगळे हिशेब खरे राहतात. त्यामुळे एकूण ऑटोमॉर्फिझम १४४०. इतर कुठल्याही संख्येच्या माणसांनी जागा बदलल्या तर बाहेरचा एकही ऑटोमॉर्फिझम मिळत नाही. सहा ही संख्या अशी का, याचं उत्तर मी अनेकदा वाचलं आहे, तरी दर वेळी नवल वाटतं.

इथून एक पुढचा प्रश्न सुचतो. नावं बदलल्यावर प्रत्येक हालचालीचं आपल्या नव्या नावाच्या धन्याशी जुळलंच पाहिजे, अशी अट घातली तर? इझ्राएल हर्स्टाइन यांनी १९८४ साली ‘मंथली’तच हा प्रश्न मांडला. त्यांचं ‘टॉपिक्स इन अल्जिब्रा’ हे १९६४ चं पुस्तक आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांनी गिरवलं आहे. त्यांचा प्रश्न असा: ज्या बिनजुळत्या गटाचे सुटसुटीत तुकडे पडतच नाहीत, त्यात असा ऑटोमॉर्फिझम ‘जैसे थे’शिवाय दुसरा असू शकत नाही, हे सिद्ध करा. आयर्लंडच्या थॉमस लॅफी यांनी १९८६ मध्ये त्याहून व्यापक उत्तर दिलं. चौरसावर ही अट लगेच तपासता येते. बाजूला बसलेल्याची पान-पलटी माझ्या भाकरी-पलटीवर जाते. त्या दोघींचं जुळतं. कोपऱ्याशी बसलेल्याची माझ्या कर्ण-पलटीवर जाते. त्यांचं जुळत नाही. म्हणजे बाजूचे चार अटीत बसतात, कोपऱ्याचे चार बसत नाहीत. हे चार लागोपाठ वापरले तरी त्या चारांतच राहतात. सगळ्या गटांत असंच होतं का? नाही. २००२ मध्ये देआकोनेस्कू, झिल्बरबर्ग आणि वॉल्स यांनी तो प्रश्न हाती घेतला आणि अट पाळणारे दोन ऑटोमॉर्फिझम लागोपाठ वापरल्यावर अट मोडते असा गटही असतो, हे दाखवलं.

या मंडळांवर एका मराठी गणितज्ञाने केलेलं काम मला मुद्दाम सांगायचं आहे. रवी कुलकर्णी यांनी १९६७ साली हार्वर्डमधून पीएच.डी. केली. भूमितीत कुलकर्णी-नोमिझू गुणाकार त्यांच्या नावाने ओळखला जातो. प्रयागराजच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेचे ते संचालक होते, आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते आणि श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानशीही त्यांचा जवळचा संबंध. २००७ साली त्यांनी एक साधा वाटणारा प्रश्न विचारला. सपाट मैदानावर अंतरं न बदलता करता येणाऱ्या हालचाली अनंत आहेत, तरी आपण त्यांना मोजकीच नावं देतो: फिरवणं, सरकवणं, आरशासारखं उलटवणं, उलटवत सरकवणं. अनंत गोष्टींचे मोजकेच ‘प्रकार’ आपण कशाच्या जोरावर करतो?

त्यांचं उत्तर: मंडळाच्या जोरावर. मुरगूडच्या एस.टी. स्टँडभोवती तीस अंश फिरवणं आणि आदमापूरच्या बाळूमामा मंदिराभोवती पन्नास अंश फिरवणं या दोन वेगळ्या हालचाली आहेत. पण पहिलीचं मंडळ म्हणजे स्टँडभोवतीच्या सगळ्या फेऱ्या, दुसरीचं म्हणजे मंदिराभोवतीच्या सगळ्या फेऱ्या. स्टँड उचलून मंदिरावर ठेवा, एक मंडळ दुसऱ्यावर तंतोतंत बसतं. म्हणून प्रकार एकच. अर्धी फेरी मात्र वेगळी निघते, कारण त्या बिंदूतून जाणाऱ्या आरशांशीही तिचं जुळतं. तिचं मंडळ मोठं आहे. अशा हिशेबाने मैदानावर ‘जैसे थे’ धरून सहा प्रकार येतात. कुलकर्णींनी दाखवलं की वास्तव किंवा संमिश्र संख्यांच्या, उलट फिरवता येणाऱ्या मॅट्रिक्सच्या गटातही घटक अनंत असूनही प्रकार सांतच राहतात. पुढे २०१६ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी, ज्या गटाची संख्या एखाद्या मूळ संख्येचा घात असते त्याच्या प्रकारांवर मर्यादा घातली. गटाच्या संख्येला केंद्राच्या संख्येने भागा, भागाकारातून एक वजा करा, त्याला मूळ संख्येतून एक वजा करून भागा आणि शेवटी एक मिळवा; प्रकार त्याहून जास्त नसतात. आपल्या चौरसाला हे लावा. आठ भागिले दोन चार, वजा एक तीन, भागिले एक तीन, अधिक एक चार. आणि मघा काढलेल्या याद्यांत वेगळी मंडळं किती होती? केंद्रातल्यांचं एक, फेऱ्यांचं एक, पान आणि भाकरीचं एक, कर्णांचं एक. बरोबर चार. पाच-अष्टमांशाची हद्द गाठणारा चौरस ही मर्यादाही गाठतो.

पुठ्ठा उरला असेल तर त्यातून समभुज त्रिकोण कापा आणि कोपऱ्यांवर १, २, ३ लिहा. त्याच्या हालचाली सहा आहेत: जैसे थे, दोन फेऱ्या, तीन पलट्या. प्रत्येकीचं मंडळ शोधा, जुळणाऱ्या जोड्या मोजा, हर्स्टाइनची अट पाळणारा ऑटोमॉर्फिझम मिळतो का पाहा. मोजणी चुकली नाही तर ३६ पैकी १८ जोड्या जुळतील, केंद्रात ‘जैसे थे’ एकटाच राहील आणि हर्स्टाइनची अट पाळणारी बैठक फक्त एकच सापडेल: तुमची स्वतःची.